मीटर बोलायचा थांबला की

भिंगरी : मी तुला काय सांगितलं होतं? कशाला म्हणून हात लावायचा नाही. फुंकर घालून धूळसुद्धा उडवायची नाही.

वहिनी : अगं, चहा ठेवला मी टेबलावर. मीटरला पाजला नाही.

भिंगरी : मग परत का थांबलं हे? मघाशी निम्म्यापर्यंत तरी गेलं होतं. आता तेवढंही नाही. बघ स्क्रीनवर काय आलंय. 'मीटरकडून वेळेत उत्तर नाही.' कॉम्प्युटर विचारतोय आणि मीटर ढिम्म.

वहिनी : मीटर कुणाचा? तुझ्या दादाचा. इतकी वर्षं ज्याच्या हाताखाली काढली त्याचं वळण लागणारच. ह्यांना कधी एका हाकेत ओ देताना पाहिलंयस?

भिंगरी : वहिनी, मस्करी नको. संध्याकाळी माझी गाडी आहे. त्याआधी हे सगळे सप्लाय तपासून रीडिंगची फाइल हॉस्पिटलला गेली पाहिजे. नाहीतर काम गेलं तुमच्या हातचं.

वहिनी : मला काय सांगतेस? फोनवर ऐकून कोणी घेतलं? 'हातानं लिहिलेली रीडिंग यापुढे चालणार नाहीत. कॉम्प्युटरनं घेतलेली दोन दिवसांत पाठवा, नाहीतर आम्ही दुसरं वर्कशॉप बघतो.' हॉस्पिटलच्या त्याच बाई हो! गेल्या महिन्यापर्यंत त्यांना माझं अक्षर मोत्यासारखं वाटायचं.

भिंगरी : अक्षराचा प्रश्न नाहीये. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना ठेवतात, त्या पेट्यांना वीज पुरवणारे सप्लाय आहेत हे. आकडा डोळ्यानं वाचायचा, हातानं लिहायचा, यात कुणाचीही चूक होऊ शकते. तुझीच असं नाही. त्यांचं म्हणणं बरोबर आहे.

वहिनी : असेल बाई. माणूस मध्ये आला की चुकतं आणि माणूस बाजूला झाला की थांबतं. एकूण काय, आमच्या नशिबी पेटी बंदच. तू बस बघू आधी. सकाळपासून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नुसत्या येरझारा. ह्यांनी तुला भिंगरी म्हणायला सुरुवात केली ती काही उगीच नाही.

भिंगरी : बसून सुचत नाही मला. थांब. परत पहिल्यापासून बघते. सप्लाय ओळीनं लावलेत. हा खोका एकेकाला आळीपाळीनं जोडतो. त्याच्यावर लोड टाकायचा, म्हणजे पेटी चालू असताना जेवढी वीज ओढेल तेवढी ओढायची. मग मीटरला विचारायचं, बाबा रे, व्होल्टेज किती? मीटर सांगणार, कॉम्प्युटर टिपून घेणार, पुढचा सप्लाय. एवढंच आहे.

वहिनी : उंटावरून शेळ्या हाकायच्या.

भिंगरी : हो, पण नीट हाकल्या तर शेळ्या जातात ना! सकाळी गोंधळ होता तो सापडला. खोक्याला आणि मीटरला एकच नंबर दिलेला होता. कॉम्प्युटरनं एकाला हाक मारली की दोघं एकदम बोलायला लागायचे.

वहिनी : आत हे 'अगं' म्हणाले की आपण दोघी 'काय' म्हणतो, तसं.

भिंगरी : अगदी तसं. एकाचा नंबर बदलला, ते मिटलं. आता हे नवीन. च्यायला, एक निस्तरावं तर दुसरं उपटतं.

वहिनी : शिव्या हळू दे. भिंत पातळ आहे, आत ऐकू जातं सगळं. वाजली बघ बेल. आले हो!

भिंगरी : वहिनी! काय हवंय दादाला? वहिनी!

वहिनी : ओरडू नकोस, आले मी. काही नाही, उशी घसरली होती.

भिंगरी : सकाळपासून किती वेळा घसरली उशी?

वहिनी : घसरते. एक बाजू हलत नाही माणसाची, उशी बिचारी काय करेल? डाव्या हाताशी बेलचं बटण आहे, तेवढंच एक ऐकतं त्यांचं. दाबतात. तू का नाही गेलीस आत? आल्यापासून दारातून दोनदा डोकावलीस. पाहुण्यांसारखी.

भिंगरी : जाईन.

वहिनी : कधी? गाडीत बसल्यावर?

भिंगरी : मला बघवत नाही गं. ज्यानं मला सोल्डरिंग शिकवलं, माझा हात हातात धरून, त्याच्या त्याच हाताची बोटं अशी... आणि बोलायला गेला की शब्द तोंडातच अडकतो. मी आपली हो हो म्हणत राहते आणि मला रडू येतं. त्याच्यासमोर रडले तर त्याला काय वाटेल? त्यापेक्षा हे काम बरं. यातलं काही बिघडलं तर मला दुरुस्त करता येतं.

वहिनी : येतंय कुठे?

भिंगरी : येईल! केबल बदलते. ही जाडी केबल दादाएवढीच जुनी आहे, आतून तुटली असेल. माझ्या बॅगेत दुसरी आहे. सरक जरा. ही... इथे. स्क्रू घट्ट. हं. आता चालू करते. पहिला सप्लाय. आला आकडा! दुसरा. आला. तिसरा.

वहिनी : बरं चाललंय की.

भिंगरी : केबलच होती. मी म्हटलं नव्हतं? आता कुठं जीवात जीव आला. निघेपर्यंत सगळे होतील. चौथा. बघ बघ, चोवीस व्होल्टच्या किती जवळ आहे. दादानं आजारी पडायच्या आधी केलेलं काम आहे हे, दुरुस्ती केलेला सप्लाय नव्यासारखा.

वहिनी : भिंगरे, हा मीटर आवाज का करत नाही?

भिंगरी : कसला आवाज?

वहिनी : तो करतो ना नेहमी. रीडिंग ठरलं की टीं वाजतो. मग मी लिहून घेते.

भिंगरी : ते होय. तो मी बंद केलाय. प्रोग्रॅमच्या पहिल्याच ओळीत. डोकं उठतं नाहीतर. आणि आता ऐकायला हवंय कुणाला? कॉम्प्युटरला कान नाहीत.

वहिनी : असू दे की चालू. वाजलं म्हणून काय बिघडतं?

भिंगरी : अगं, पण कशाला? शांतता आहे ती बरी आहे.

वहिनी : शांतता... बेल वाजली. आले हो, आले!

भिंगरी : परत उशी?

वहिनी : नाही. असंच. घाम आलाय खूप. टॉवेल दे तो. आणि तुझा फोन वाजतोय बघ केव्हाचा.

भिंगरी : साहेबाचा. सुट्टीवर असलं तरी ह्यांना चैन नाही. इथे आवाज तुटतो, मी रस्त्यावर जाऊन बोलते. हे चालू आहे, चालू राहू दे. वहिनी, ऐकतेस ना? फुंकरसुद्धा नाही!

वहिनी : नाही गं बाई. जा तू.

...

भिंगरी : थांबलं?

वहिनी : मला काय कळतंय त्यातलं?

भिंगरी : थांबलंय! सातव्यावर! तेच. 'मीटरकडून वेळेत उत्तर नाही.' अरे, पण का? मी इथे उभी होते तोवर सुतासारखं सरळ चाललं होतं. पाठ वळली की बंद. मघाशी पण मी तोंड धुवायला गेले तेव्हाच. आणि त्याच्या आधी...

वहिनी : दृष्ट लागली असेल.

भिंगरी : कुणाची?

वहिनी : तुझीच. 'जीवात जीव आला' म्हणालीस ना मोठ्यांदा. असं म्हणू नये.

भिंगरी : वहिनी, मी इंजिनिअर आहे.

वहिनी : इंजिनिअरांची लागत नाही का?

भिंगरी : माझ्या नाकी नऊ आलेत आणि तुला विनोद सुचतायत. तुला कळतंय का, हे नाही झालं तर काय होईल? दादा आजारी पडल्यावर बाकीची गिऱ्हाईकं पांगली. हे एक हॉस्पिटल राहिलंय. ते गेलं की वर्कशॉपला कुलूप. मग काय करणार आहेस तू?

वहिनी : मला कळत नाही असं वाटतं तुला? पहाटे डोळा उघडतो तो तेच घेऊन. ह्यांना पुसताना, भरवताना तेच. सुचतात विनोद म्हणून उभी आहे अजून, नाहीतर केव्हाच आडवी झाले असते. तू दोन दिवस येरझारा घालतेस. मी रोज घालते, मनातल्या मनात.

भिंगरी : चुकलं माझं. तसं नव्हतं म्हणायचं.

वहिनी : असू दे. तुझं आतडं तुटतंय हे दिसतं मला. काय करता येईल ते सांग.

भिंगरी : एक शंका आहे. मीटर जुना आहे. पुढचं एखादं बटण झिजून आपोआप दबत असेल. कसं असतं, कॉम्प्युटर मीटरचा ताबा घेतो ना, तेव्हा डिस्प्लेवर ही बारीक खूण येते. पण कुणी पुढून लोकलचं बटण दाबलं, की मीटर कॉम्प्युटरला सोडतो आणि हातानं चालवणाऱ्याचं ऐकायला लागतो. त्यात आणखी काही बटणं दबली तर बघायलाच नको. कॉम्प्युटर बसतो उत्तराची वाट बघत.

वहिनी : असं असतं होय?

भिंगरी : हो. आता बघ, खूण गेलेली आहे. म्हणजे बटण दबतंय. नक्की.

वहिनी : आपोआप दबत असेल?

भिंगरी : दुसरं कोण दाबणार? तू तर हात लावत नाहीस.

वहिनी : मी कशाला लावू!

भिंगरी : मग सोपं आहे. पुढची सगळी बटणं बंद करायचा एक हुकूम असतो, तोच घालते. मग बटण झिजू दे नाहीतर गळून पडू दे, मीटर ऐकणार नाही. झालं. चालू. एक... दोन... आता मी साहेबाला परत फोन करून येते, मघाशी अर्ध्यात तोडला.

वहिनी : सावकाश बोल. घाई नाही.

भिंगरी : घाईच घाई आहे. आले मी.

...

वहिनी : भिंगरे! ए भिंगरे! इकडे ये! हे बटण दाबलंच जात नाहीये!

भिंगरी : काय झालं? कुठलं बटण?

वहिनी : ...कुठलं नाही.

भिंगरी : वहिनी.

वहिनी : नाही म्हणजे, तू म्हणालीस ना बंद होतात, म्हणून म्हटलं बघावं, खरंच होतात का. होतात. छान झालंय.

भिंगरी : वहिनी, माझ्याकडे बघ. तू दाबत होतीस? सकाळपासून तू दाबत होतीस? मी केबल बदलली. नंबर बदलले. मी टेबलाखाली शिरून सगळे प्लग उपसले, डोक्याला टेंगूळ आलं! आणि तू माझ्याशेजारी उभी राहून म्हणत होतीस, दृष्ट लागली असेल!

वहिनी : मला काय माहीत, तेवढ्यानं तुझा कॉम्प्युटर आडवा होतो? मला वाटलं, आवाज तर चालू करायचा. लोकल दाबायचं, मेन्यूत जायचं, आवाज चालू करायचा, मग रीडिंग धरून ठेवायचं होल्डचं बटण. ह्यांनीच शिकवलंय मला, आत पडल्यापडल्या. चार-पाचदा टीं टीं वाजवायचं, परत बंद करायचं. तुला त्रास नको म्हणून परत बंद करत होते गं. नीट होतं तसं ठेवत होते.

भिंगरी : पण कशासाठी? आवाज हवाय कशाला तुला?

वहिनी : मला नको. ह्यांना हवाय.

भिंगरी : दादाला?

वहिनी : भिंत पातळ आहे म्हटलं ना. इथे मीटर वाजला की आत ऐकू जातो. मी इकडे रीडिंग घेते आणि ते तिकडे ऐकत असतात. टीं झालं की डाव्या हाताचं बोट चादरीवर आपटतात. एक. परत टीं, परत बोट. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दारातच थांबले. हा माणूस काम करत होता. अंथरुणात पडून, डोळे मिटून, काम करत होता.

भिंगरी : मला सांगितलं का नाहीस?

वहिनी : काय सांगू? आणि आवाज थांबला की ह्यांचं जे होतं ते बघवत नाही. तोंड लाल. घाम. बेलवर बेल, बेलवर बेल. काम का थांबलं, एवढंच डोक्यात. वर्कशॉप ह्यांचा जीव की प्राण. मग मी पळत येते आणि चार-पाचदा वाजवते, की निजतात शांत.

भिंगरी : म्हणजे त्या बेल उशीसाठी नव्हत्या.

वहिनी : एकही नाही.

भिंगरी : मग त्याला सांगायचं ना, की भिंगरी कॉम्प्युटर जोडतेय, म्हणून आवाज बंद आहे. समजतं त्याला सगळं.

वहिनी : त्यांना माहीत नाही.

भिंगरी : काय माहीत नाही?

वहिनी : कॉम्प्युटरचं. मी सांगितलंय, भिंगरी भेटायला आलीये.

भिंगरी : आणि ह्या एवढ्या वायरी? बॅग भरून आणलेल्या?

वहिनी : तू वायरींशिवाय कधी आलीयेस माहेरी?

भिंगरी : वहिनी, हे काय चाललंय तुझं! ताकाला जाऊन भांडं लपवायचं. आज ना उद्या कळणारच त्याला.

वहिनी : कळेल तेव्हा कळेल. तुला आठवत नाही, तूच मागे म्हणाली होतीस जोडू या म्हणून, तेव्हा काय म्हणाले होते? 'मीटर माणसानं वाचायचा असतो.' तेव्हा धडधाकट होते. तेव्हा ऐकायला गंमत वाटली. आता जाऊन त्यांना काय सांगू? की तुमचा मीटर आता तुमच्या बायकोशिवायही चालतो आणि तुमच्याशिवायही? हात गेला, पाय गेला, जीभ गेली. एक कान तेवढा कामावर येतो रोज. त्यालाही सांगू, उद्यापासून येऊ नकोस?

भिंगरी : मी एका ओळीत बंद केला गं तो आवाज. विचारसुद्धा केला नाही. डोकं उठतं म्हणून.

वहिनी : तुला कुठे माहीत होतं? डोळे पूस. कीबोर्डवर पडेल, मग ते एक नवीन.

भिंगरी : सरक. बसू दे मला. जसा एका ओळीत बंद केला तसा एका ओळीत चालूही होतो. प्रत्येक रीडिंग घेतलं की मीटरला सांगायचं, एकदा वाज. कॉम्प्युटरच सांगेल. तुला काही दाबायला नको. बटणं राहू देत बंदच, तुझा भरवसा नाही.

वहिनी : होईल असं?

भिंगरी : झालंय. चालू करते, पहिल्यापासून. हं.

वहिनी : वाजलं!

भिंगरी : वाजलं. थांब, दुसरा. वाजलं.

वहिनी : अगदी तसंच गं. अगदी मी घेते तसंच वाटतंय. हे मला आधी विचारलं असतंस तर?

भिंगरी : हे मला तू आधी सांगितलं असतंस तर?

वहिनी : बरं बरं. फिटंफाट. तिसरं वाजलं. आता निजतील बघ. सप्लाय सगळे होतील, फाइल जाईल, तुझी गाडी मिळेल, आणि ह्यांना काही... बेल.

भिंगरी : बेल का वाजली? आवाज तर चालू आहे.

वहिनी : पुन्हा वाजवतायत. आवाज चालू असताना कधी वाजवत नाहीत. भिंगरे, चल. तूही चल. मला भीती वाटते.

(दोघी आतल्या खोलीत. भिंतीपलीकडून मीटरचा आवाज एका लयीत येत राहतो.)

वहिनी : काय हो? काय होतंय? पाणी देऊ?

दादा : कोण... वाचतंय?

वहिनी : मीच. मी नाही तर कोण? आत्ताच लिहून ठेवलं आणि आले. तुम्ही पडा बघू शांत.

दादा : तू... इथे.

वहिनी : हो, आले ना. बेल वाजवलीत म्हणून.

दादा : वाजतोय... तिकडे.

वहिनी : ते... ते म्हणजे... भिंगरे, सांग ना काहीतरी!

भिंगरी : दादा, तो कॉम्प्युटर वाचतोय. मी जोडलाय. हॉस्पिटलला हातानं लिहिलेलं नकोय आता. तुला सांगायला हवं होतं. मी आत यायला हवं होतं, तेही नाही आले. तू रागाव मला. वहिनीला काही बोलू नकोस.

दादा : कळलं... मला.

वहिनी : काय कळलं?

दादा : सारखं... येतंय. एकसारखं. तू... अशी नाही. तू थांबतेस. मध्येच. दमतेस... तेव्हा उशीर... होतो. मग... वाजतं.

वहिनी : ते ऐकू येतं तुम्हाला? मी दमले ते?

दादा : रोज.

भिंगरी : आणि मग बेल कशाला वाजवायचास? आवाज थांबला की? काम थांबलं म्हणून ना?

दादा : काम...? नाही. ती... पडली... होती.

भिंगरी : कोण पडली? वहिनी? कधी?

वहिनी : अगं, काही नाही ते. जरा चक्कर आली होती एकदा. टेबल उंच, उभ्यानं करावं लागतं सगळं, त्यात सकाळपासून पोटात काही नव्हतं. झालं गेलं. कशाला काढता तुम्ही ते!

भिंगरी : तू वर्कशॉपमध्ये पडलीस आणि मला फोन नाही केलास?

वहिनी : तू तिथून काय करणार होतीस?

दादा : टीं... टीं... मग नाही. मी... थांबलो. येईल. नाही आलं. मग... आवाज... जमिनीवर. मी... बेल. बेल. उठता... येईना मला. बेलच... फक्त.

वहिनी : मी शुद्धीवर आले तेव्हा बेल वाजतच होती. मला वाटलं, रीडिंग थांबलं म्हणून चिडलात. धावत आले तर तुमचं तोंड हे एवढं लाल. मी म्हटलं, हो हो, घेते, लगेच घेते, आणि तशीच परत जाऊन मीटर वाजवला. तेव्हा कुठे तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं, काम चालू झालं म्हणून.

दादा : तू... उठलीस... म्हणून.

वहिनी : अहो, मग सांगायचं नाही का एवढे दिवस!

दादा : सांगायला... वेळ... लागतो मला. तू... पळतेस... लगेच. आवाज... करायला.

भिंगरी : वहिनी, अगं, रडतेस काय. इकडे ये.

वहिनी : मी कामाचं समजत होते. मी ह्या माणसाला रोज मीटर वाजवून दाखवत होते, भिंगरे. आणि हा माणूस मला मोजत होता.

भिंगरी : दादा, ऐकतोस? आता तिला तिथे थांबावं नाही लागणार. सप्लाय लावायचे, एक बटण दाबायचं, बस. बाकी तो बघतो. आवाज चालू ठेवलाय मी. तुला नको असेल तर बंद करते.

दादा : तो... आपला आपण... वाचतो?

भिंगरी : हो. सगळे होईपर्यंत. कुणी लागत नाही.

दादा : चुकत... नाही?

भिंगरी : तुझाच मीटर आहे. कसा चुकेल?

दादा : मग ही... अजून उभी का?